उसाशाचा चेहरा

तिला घरात सगळे मधली म्हणायचे. थोरली ताई, मग ही, मग धाकटा भाऊ, एवढाच त्याचा अर्थ. चर्चमध्येही तेच नाव रुळलं, पण तिथल्या लोकांना ते वेगळ्या कारणानं पटायचं. तिचे आईबाबा दोघंही बहिरे. ऐकणारं जग आणि ते दोघं यांच्या मध्ये कुणीतरी उभं राहायला हवं होतं. ताई लाजाळू, भाऊ कामचुकार, त्यामुळे ते काम कळायला लागल्यापासून हिच्याच गळ्यात पडलं. डॉक्टर काय म्हणतोय, घरमालक का तणतणतोय, सगळं हिच्या हातांतून जायचं. शाळेच्या बाई आईला बोलावून हिच्याच तक्रारी सांगायच्या, तेव्हा त्याही हीच आईला सांगायची. जरा छाटून.

मोठेपणी ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये लागली. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर मेणाची हिरडी बसवायची, तिच्यात एकेक दात रोवायचा, वरचे-खालचे नीट मिटतात का ते बघायचं. खोलीभर गुलाबी भुकटी आणि घासायच्या मोटरची घरघर. तिनं लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "दिवसभर एवढी तोंडं बघते, घरी आणखी एक कशाला?"

रविवारी ती चर्चमध्ये व्यासपीठाच्या खाली, खिडकीच्या उजेडात उभी राहायची. गडद रंगाचे साधे कपडे, हातात ना बांगडी ना अंगठी, म्हणजे हात स्वच्छ दिसावेत. समोरच्या दोन बाकांवर बहिरी मंडळी. आधी फक्त आईबाबा होते, मग एकेक करून वाढत गेले. पाळक बोलायचे आणि मधलीचे हात ते सांगायचे. हातांच्या या भाषेत अहो-जाहो नसतं. देवही तू, पाळकही तू, बापही तू. म्हणून मधली तोंडानं बोलताना बाबांना "तुम्ही" म्हणायची आणि हातांनी बोलताना "तू". दोन्हींत माया सारखीच होती.

बाबा फर्निचरला पॉलिश करायचे. पाच वर्षांचे असताना ताप डोक्यात गेला आणि कान गेले. त्याआधी बोलायला शिकलेले होते, म्हणून थोडी वाचा उरली होती, पण खरखरीत आणि अडखळती. रस्त्यावरची पोरं हसायची. मग त्यांनी बाहेर आवाज काढणंच सोडलं. घरात मात्र मांजरीला हाकलताना तो आवाज निघायचा, आणि मांजर काही हसत नसे.

वर्षातून एकदा चर्चमध्ये शुभवर्तमानातला तो उतारा यायचा, ज्यात लोक एका बहिऱ्या, तोतऱ्या माणसाला येशूकडे घेऊन येतात आणि तो बरा होतो. त्या रविवारी बाबांची कंबर धरायची. न चुकता. घरात त्यावर कुणी बोलत नसे, कारण कंबरेचं खरं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं.

मधली चौदा वर्षांची असताना एक पाहुणे प्रचारक आले होते. भरदार आवाजाचे, कोट घातलेले. याच उताऱ्यावर बोलता बोलता त्यांची नजर पहिल्या बाकावर गेली. त्यांनी बाबांना हाताला धरून पुढे आणलं, न विचारता त्यांच्या दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोकं गदागदा हलवत मोठ्यानं प्रार्थना केली. सगळी सभा मान उंच करून बघत होती. काहीच झालं नाही. पुन्हा केलं. पुन्हा काही नाही. मग प्रचारकांनी घाम पुसला आणि मधलीला म्हणाले, "सांग तुझ्या बापाला, विश्वास कमी पडला."

मधलीनं बापाकडे बघितलं. तिच्या हातांनी सांगितलं, "तो म्हणतोय, देव तुझं भलं करो. जाऊन बस."

बाबा जाऊन बसले. गोष्ट तिथंच मिटली असं मधलीला वाटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी चर्चमध्ये नवे पाळक आले. तिशीतले, किडकिडीत, बोलताना सारखा चष्मा वर सरकवणारे. बहिऱ्या मंडळींनी पहिल्याच रविवारी त्यांचं खुणेचं नाव ठेवलं: नाकावर एक बोट, वर ढकललेलं. या पाळकांची एक गोष्ट चांगली होती. रविवारचा शास्त्रपाठ ते सोमवारीच मधलीच्या हातात ठेवायचे, तयारीला वेळ मिळावा म्हणून. आधीच्या कुणाला हे सुचलं नव्हतं.

एका सोमवारी तो उतारा आला. मधली संध्याकाळी लॅबमधून परस्पर चर्चच्या कचेरीत गेली. केसांत अजून गुलाबी भुकटी होती.

"पाळकसाहेब, हा मला हातांनी सांगता येत नाही."

"का हो ताई? शब्द अवघड आहेत?"

"शब्द सोपे आहेत. पण कोण कुठं उभं आहे ते मला माहीत नाही." तिनं टेबलावरची दौत, पेपरवेट आणि चष्म्याचं घर ओढून घेतलं. "हे बघा. ही गर्दी, हा येशू, हा माणूस. तुम्ही वाचता, 'त्याला बाजूला नेलं,' आणि पुढे जाता. मला तो हाताला धरून न्यावा लागतो. कुठल्या बाजूला? गर्दीला दिसेल असा, की दिसणार नाही असा? आणि इथं लिहिलंय, उसासा टाकला. तुम्ही नुसतं म्हणता. मला तो टाकावा लागतो. कसला उसासा? दुःखाचा? थकव्याचा? कंटाळ्याचा?"

पाळकांनी चष्मा वर सरकवला. मग मागच्या फळीवरून दोन जाड पुस्तकं काढली आणि बराच वेळ चाळली. "एकजण म्हणतो, ती प्रार्थना होती. दुसरा म्हणतो, कळवळा. इथं तळटीपेत राग असंही दिलंय, दुखण्यावरचा राग. तिन्ही असू शकतं."

"पुस्तकाला चालतं. मला तोंड एकच आहे."

पाळक हसले, पण प्रश्न त्यांच्या मनात रुतला. एवढी वर्षं ते हा उतारा वाचत आले होते आणि माणसं कुठं उभी आहेत हे त्यांनी कधी मनात मांडलंच नव्हतं. "आपण दोघंच का डोकं फोडतोय?" ते म्हणाले. "ज्यांना तुम्ही सांगणार, त्यांनाच बोलवू. गुरुवारी संध्याकाळी. सगळे मिळून वाचू."

मधलीनं दौत आणि पेपरवेट परत जागेवर ठेवले. मग तिनं त्यांना बाबांची आणि त्या प्रचारकाची गोष्ट सांगितली. पाळकांनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "मग ते येणार नाहीत."

"येतील. आईला सांगते."

आईनं बाबांना काय सांगितलं देव जाणे, पण गुरुवारी ते आले. चर्चच्या मागच्या खोलीत गोल करून खुर्च्या मांडल्या होत्या, म्हणजे प्रत्येकाला प्रत्येकाचे हात दिसावेत. बाबा दाराजवळच्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसले. बहिऱ्या माणसानं हाताची घडी घातली की त्यानं तोंडाला कुलूप लावलंय असंच समजायचं.

आणखी सात-आठजण होते. त्यांत शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काम करणारी एक तरुण मुलगी होती. जन्मापासून बहिरी, तल्लख, आणि कुणी "बिचारी" म्हटलं तर त्याला दारापर्यंत पोचवणारी. तिला सगळे शिलाईवाली म्हणत.

पाळकांनी सुरुवातीलाच सांगितलं, "आपण तीन गोष्टी करू. आधी, काय लिहिलंय. मग, काय लिहिलेलं नाही. आणि त्यानंतरच, त्याचा अर्थ काय. माझीच घाई होते, म्हणून मलाही अडवा." ते एकेक वाक्य वाचत गेले, मधली हातांनी सांगत गेली.

लोकांनी त्या माणसाला आणलं आणि त्याच्यावर हात ठेव म्हणून येशूला विनवलं.

शिलाईवालीचा हात लगेच वर गेला. "त्या माणसानं काही मागितलं?"

पाळकांनी पुन्हा वाचलं. "नाही. मागितलं ते लोकांनी."

"म्हणजे त्याला कुणी विचारलंच नाही." तिनं सगळ्यांकडे बघितलं. खोलीतल्या बऱ्याच माना हलल्या.

"विचारलं असेलही," पाळक म्हणाले. "एवढंच म्हणता येईल की विचारल्याचं लिहिलेलं नाही."

पुढचं वाक्य आलं. येशूनं त्याला गर्दीतून बाजूला, एकट्याला नेलं. पाळक येशू झाले, एका थोराड सुताराला त्यांनी तो माणूस केलं आणि त्याचा हात धरून खोलीच्या कोपऱ्यात नेलं. बाकीचे गर्दी. गर्दीला आता सुताराची नुसती पाठ दिसत होती.

तेव्हा बाबांच्या हाताची घडी सुटली.

"थांब," ते म्हणाले. "हे खरंच लिहिलंय? की तू घातलंस?"

"लिहिलंय," मधली म्हणाली.

"एकट्याला?"

"एकट्याला."

बाबा थोडा वेळ कोपऱ्यातल्या त्या पाठीकडे बघत राहिले. मग लेकीकडे वळले. "मला तर सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आणि तू खोटं सांगितलंस."

पाळक वाट बघत होते. बहिरे जे बोलतील ते तोंडानं पाळकांना सांगणं हेही तिचंच काम होतं, आणि त्यातला एकही शब्द ती कधी गाळत नसे. "बाबा म्हणतायत," ती म्हणाली, "की त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आणि मी खोटं सांगितलं."

मग ती हातांनी बाबांना म्हणाली, "तुला कळलं होतं?"

"त्याचं तोंड केवढं मोठं होतं. ओठांवरून कळणार नाही?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"पोर होतीस. माझी इज्जत झाकत होतीस. तुला काय म्हणून बोलू?" बाबांनी हात झटकले, म्हणजे हा विषय संपला. "पुढचं वाच."

आईनं पदराला डोळे पुसले आणि मधलीला कोपरानं ढोसलं. पुढचं वाचलं गेलं. कानांत बोटं घातली. थुंकून जिभेला स्पर्श केला. वर आकाशाकडे पाहून उसासा टाकला. आणि म्हणाला, "इफ्फाथा," म्हणजे, मोकळा हो.

बाबा आता खुर्ची पुढे ओढून बसले होते. "त्यानं आधी कानाला हात लावला. मग जिभेला. मग वर बघितलं." त्यांनी तेच स्वतःच्या हातांनी केलं: कान, जीभ, वर. त्या खोलीत ते वाक्यासारखं दिसलं. तुझे कान, तुझी जीभ, आणि तिथून मदत. "त्या माणसाला ऐकू येत नव्हतं. मग त्याला कसं सांगणार? हातानं सांगितलं. काय करणार ते आधी सांगितलं, मग केलं."

पाळक कोपऱ्यातच उभे होते. सुताराचा हात सोडायचं त्यांना भानच नव्हतं. "हे मी पुस्तकात वाचलं होतं," ते हळूच म्हणाले. "एका ओळीत. वाचून पान उलटलं होतं."

बाबांनी पाळकांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. "इफ्फाथा." वरचे दात खालच्या ओठाला टेकले, मग तोंड मोकळं उघडलं. "हा दिसतो," बाबा म्हणाले. "म्हणूनच तो जसाच्या तसा लिहून ठेवला. त्या माणसाला तो ओठांवर दिसला."

"असेल," पाळक म्हणाले. "पण असेलच असं नाही. का ठेवला ते लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही."

"काय माणूस आहे!" बाबा आईला म्हणाले. "काही दिलं की अर्धं परत करतो."

सगळे हसले. आणि त्याच हसण्यात शिलाईवाली उभी राहिली. तिचे हात भरभर चालले होते, डोळे चमकत होते. "म्हणजे खरी गोष्ट ही आहे. तो आपल्या भाषेत बोलला. त्या माणसात बिघाड नव्हताच. त्याला बरं करायची गरजच नव्हती. बोलणारा भेटला, तेवढ्यानं तो मोकळा झाला. बस!"

सगळ्या खोलीनं हात वर करून हलवले. बहिऱ्यांच्या टाळ्या त्या अशा. मधलीनं ते पाळकांना सांगितलं. तिला हे हवं होतं. चौदाव्या वर्षापासून हवं होतं. त्या प्रचारकाच्या तोंडावर फेकायला यापेक्षा चांगलं उत्तर मिळालं नसतं.

पाळकांनी फक्त पुढचं वाक्य मधलीपुढे धरलं. मधलीनं ते वाचलं. मग आणखी एकदा वाचलं.

"पुढे लिहिलंय," तिनं हातांनी सांगितलं, "की त्याचे कान उघडले. आणि तो नीट बोलायला लागला."

"ते मला नको," शिलाईवाली म्हणाली.

"मलाही नको होतं. पण आहे."

"तू कुणाच्या बाजूची?"

मधली तिच्याकडे वळली. "त्या प्रचारकाचा मला राग का आला? त्यानं माझ्या बाबांना विश्वास कमी पडला म्हटलं. या उताऱ्यात विश्वासाचा शब्द आहे का? त्या माणसाला येशू कुठंच विचारत नाही, तुझा विश्वास किती. तो शब्द त्यानं पदरचा घातला. आता आपल्याला नको असलेलं वाक्य आपण काढलं, तर आपणही तेच केलं."

शिलाईवाली बसली नाही. "तो बोलायला लागला, तर काय बोलला?"

पाळकांनी पानावरून बोट फिरवलं. "लिहिलेलं नाही. लोक काय म्हणाले ते आहे. तो काय म्हणाला ते नाही."

"बघा! त्याचं बोलणं कुणी लिहिलंच नाही." तिनं पिशवी खांद्याला लावली. "मला हा उतारा आवडत नाही."

"नाही आवडला तरी चालेल," पाळक म्हणाले. "मलाही यातलं सगळं कळलेलं नाही."

मधली ते हातांनी सांगेपर्यंत ती दारापर्यंत पोचली होती. पाठमोऱ्या बहिऱ्या माणसाला हाक मारता येत नाही. ती गेली.

मग चहा आला, आणि उसाशाचा प्रश्न तसाच राहिला. बाबा म्हणाले, दोघांनी कपाट उचलायच्या आधी आपण श्वास भरून सोडतो ना, तसा. आई म्हणाली, छे, तो दमलेल्या माणसाचा. सगळीकडे चालत फिरायचं, जिथं जावं तिथं कुणीतरी काहीतरी मागतंय. संध्याकाळी मी चुलीपुढे टाकते तो. दोघंही आपापल्या मतावर अडून बसले आणि घरी जाईपर्यंत रस्त्याच्या कडेनं उसासे टाकून एकमेकांना दाखवत राहिले. येणारेजाणारे वळून बघत होते.

शनिवारी लॅबमध्ये मधलीपुढे एका म्हाताऱ्याची कवळी होती. मेण मऊ होईपर्यंत हात रिकामे होते, म्हणून तिनं घडी घातलेला कागद काढला. बाजूला नेलं, बोटं घातली, स्पर्श केला. वर आकाशाकडे पाहून उसासा टाकला. ती त्या वाक्यावर थांबली. आठवडाभर ती उसाशालाच धरून बसली होती, आणि त्याच्या आधीचा शब्द तिच्या नजरेतून निसटला होता. तो वर बघत होता. वर बघणाऱ्या माणसाचा चेहरा समोरच्याला कुठं दिसतो? गळा दिसतो, हनुवटी दिसते. छाती वर जाते, खाली येते. त्या बहिऱ्या माणसाला तेवढंच दिसलं असेल. तिनं मान मागे टाकून बघितलं. लॅबचे मालक म्हणाले, "मान आखडली का?" ती म्हणाली, "नाही, सुटली."

रविवारी बाबांची कंबर ठीक होती. ते पहिल्या बाकावर बसले. शिलाईवाली सर्वांत मागे, खांबाच्या आडोशाला. पाळकांनी उतारा सावकाश वाचला. मधलीनं उजव्या हाताशी गर्दी मांडली आणि त्या माणसाला खिडकीकडे नेलं, जिथं गर्दीकडे त्याची पाठ होती. कान. जीभ. मग तिनं मान मागे टाकली, इतकी की चेहरा छताकडे गेला, आणि तिचे खांदे वर चढून खाली आले. कान उघडल्याचंही तिनं सांगितलं, पूर्ण, काही न छाटता.

पाळकांनी संदेशात सांगितलं की येशूनं त्या माणसाचा तमाशा केला नाही, त्याला समजेल अशा रीतीनं त्याच्याशी बोलला, आणि बरंही केलं. इथं बसलेल्यांचे कान का उघडत नाहीत हे मला माहीत नाही, असंही ते म्हणाले, आणि ज्यांना ते माहीत असल्याचं वाटतं त्यांच्यापासून जरा जपून राहा. पाळकानं व्यासपीठावरून "माहीत नाही" म्हणावं हे काही जुन्या मंडळींना रुचलं नाही, आणि त्यांनी ते त्यांना दारातच ऐकवलंही.

बाहेर अंगणात बाबांनी मधलीच्या पाठीवर थाप मारली. "बघ, मी सांगितला तसाच टाकलास. कपाटाचा." थोड्या वेळानं आई तिला बाजूला घेऊन म्हणाली, "माझा उसासा दाखवलास, बरं केलंस. बाबाला सांगू नकोस." आणि पाळक चष्मा सरकवत आले, "ताई, ती प्रार्थना होती हे किती छान दिसलं." मधलीनं तिघांचेही आभार मानले. शिलाईवाली कुणाशी न बोलता निघून गेली होती.

गुरुवारची बैठक मात्र थांबली नाही. कधीमधी येणारे नेमानं येऊ लागले. बाबा सर्वांत आधी येऊन खुर्च्या मांडायचे आणि पाळकांना अडवायची एकही संधी सोडत नसत. काही आठवड्यांनी दार ढकलून शिलाईवाली आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "आज माझा उतारा घ्यायचा. चार माणसं छप्पर उसकटून आजाऱ्याला खाली सोडतात तो."

घेतला. वाचून झालं, काय लिहिलंय ते झालं, काय लिहिलेलं नाही ते झालं. शिलाईवालीचं म्हणणं होतं की घरमालकाला कुणी विचारलं नाही हे बरोबर नाही. सुताराचं म्हणणं होतं की छप्पर दुरुस्त होतं, माणूस होत नाही. चांगलीच जुंपली. मग पाळक मधलीकडे बघून म्हणाले, "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मधलीनं नेहमीप्रमाणे ते हातांनी सगळ्यांना सांगितलं: ताई, तुला काय वाटतं? आणि कोण उत्तर देतंय याची वाट बघत थांबली. सगळे तिच्याकडेच बघत होते. आई हसायला लागली. तेव्हा कुठं मधलीच्या ध्यानात आलं की प्रश्न तिलाच विचारलाय. आजवर शेकडो माणसांची मतं तिच्या हातांतून गेली होती. तिचं स्वतःचं कुणी मागितलं नव्हतं. तिनं हात मांडीवर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले.

"मला वाटतं," ती शेवटी हातांनी म्हणाली, "तो घरमालक रागावला नसेल. त्याच्या घरात तेवढ्या गर्दीत काय घडलं ते त्यानं डोळ्यांनी बघितलं. छपराचं त्याला काही वाटलं नसेल."

बाबांनी तिचं बोलणं पुरतं होऊ दिलं. मग जोरात मान हलवली.

"चूक," ते म्हणाले. "घरमालक काय म्हणाला ते लिहिलेलंच नाही. परत वाच."